कारभाऱ्यांची बाजू

इतिहास आणि पुरातत्त्व यांच्यासाठी लोकांनी उभारलेल्या संस्थांविषयी एक मत आपल्याकडे इतके रुजले आहे, की ते आता मत म्हणून कोणी मांडत नाही, गृहीत धरूनच पुढे बोलतो. संस्था काढतात संशोधक आणि बुडवतात कारभारी, हे ते मत. नियामक मंडळावर निवृत्त अधिकारी येतो, वकील येतो, हिशेबनीस येतो, देणगीच्या बळावर एखादा कारखानदार येतो. यांतल्या कोणाला शिलालेख वाचता येत नाही, की खापरावरून काळ सांगता येत नाही. तरीही कोणते संशोधन करायचे, कोणता ग्रंथ छापायचा हे तेच ठरवतात. तेव्हा उपाय एकच: मंडळावर केवळ जाणकार बसवावेत, बाकीच्यांनी वर्गणी द्यावी आणि व्याख्यानाला यावे.

या पूर्वपक्षातल्या तक्रारी खोट्या नाहीत. तिशी-चाळिशीत खुर्चीवर बसून सत्तरीतही न उठणारे पदाधिकारी आपण सर्वांनी पाहिले आहेत. माझा वाद निष्कर्षाशी आहे. केवळ संशोधकांच्या हाती दिलेली संशोधन संस्था अधिक सुरक्षित असते, हे गृहीतकच अनुभवाला उतरत नाही. मी बंगळुरात राहतो, म्हणून इथल्या एका संस्थेपासून सुरुवात करतो.

नृपतुंग रस्त्यावर, एके काळच्या सेनोटॅफ रोडवर, डेली मेमोरियल हॉल आहे. ही मिथिक सोसायटीची वास्तू. म्हैसूर दरबारातले ब्रिटिश रेसिडेंट सर ह्यू डेली यांचे नाव तिला दिलेले आहे, आणि तिच्या उभारणीला नाल्वडी कृष्णराज वडेयर यांचा हात लागला आहे. सोसायटी स्थापन झाली १९०९ साली. पुढाकार होता एफ. जे. रिचर्ड्स यांचा, ते बंगळूरच्या सिव्हिल अँड मिलिटरी स्टेशनचे कलेक्टर, म्हणजे मुलकी अधिकारी. पुढे बराच काळ अध्यक्षपदी होते फादर ए. एम. टॅबार्ड, एक फ्रेंच मिशनरी. एक महसूल पाहणारा, दुसरा धर्मोपदेशक. आजच्या कसोटीने दोघेही मंडळावरून बाद ठरले असते.

त्या वेळी म्हैसूर संस्थानात पुरातत्त्व नव्हते असे नाही. संस्थानचे पुरातत्त्व खाते १८८५पासूनचे. बेंजामिन लुईस राईस यांनी ‘एपिग्राफिया कर्नाटिका’चे बारा खंड काढून ठेवले होते, त्यांतला बंगळूर जिल्ह्याचा नववा खंड १९०५ साली आला. त्यांच्यानंतर आर. नरसिंहाचार यांच्यासारखा समर्थ विद्वान खात्याच्या प्रमुखपदी होता. मग खाते असताना वेगळी संस्था कशाला? कारण खात्याचे काम वार्षिक अहवालात संपत होते. अधिकारी, पाद्री, पंडित, शाळामास्तर यांनी एकत्र बसून निबंध वाचावा, त्यावर प्रश्न विचारले जावेत आणि निबंध छापून निघावा, अशी जागा खाते देऊ शकत नव्हते. ती जागा सोसायटीने दिली आणि तिचे त्रैमासिक तेव्हापासून निघत आले आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ नियतकालिक चालवायचे म्हणजे कागदाचा भाव, छापखान्याची थकबाकी आणि वर्गणीदारांची यादी यांकडे सतत लक्ष ठेवणारे लोक हवेत. हे काम विद्वत्तेचे नाही, पण विद्वत्तेला आधार देते ते हेच.

आणि राईस तरी कोण होते? बंगळुरातच १८३७ साली जन्मलेला, इथल्याच शाळेचा मुख्याध्यापक, पुढे शिक्षणखात्यातला अधिकारी. शाळांच्या तपासणीसाठी फिरता फिरता तो शिलालेखांकडे वळला. ‘जाणकार’ नावाची जात जन्मतः वेगळी असते, हा समज मनात असेल तर राईस यांच्याकडे पाहावे.

आता पूर्वपक्षाचे मुख्य अस्त्र घेऊ. तो म्हणेल, हे सारे वसाहतकालीन हौशी लोकांचे दिवस झाले. आता शास्त्र पुढे गेले. ठीक. मग पुरातत्त्वशास्त्र जिथे घडले त्या इजिप्तकडे जाऊ, कारण तिथल्या उत्खननांसाठी लोकवर्गणीवर चालणारी जी इंग्रज संस्था निघाली तिचा इतिहास या वादाला थेट भिडतो.

इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड १८८२ साली लंडनमध्ये स्थापन झाला. संस्थापिका अमेलिया एडवर्ड्स या कादंबरीकार आणि पत्रकार. नाईलवरच्या प्रवासात त्यांनी स्मारकांची नासधूस पाहिली, १८७७ साली प्रवासवर्णन छापले आणि उरलेले आयुष्य या एका कामाला दिले. त्यांच्यासोबत ब्रिटिश म्युझियममधले नाणेतज्ज्ञ रेजिनाल्ड स्टुअर्ट पूल होते, आणि पैसा व पहिले अध्यक्षपद होते सर इरॅस्मस विल्सन यांच्याकडे. विल्सन त्वचारोगांचे डॉक्टर. ‘क्लिओपात्राची सुई’ म्हणून ओळखला जाणारा स्तंभ इजिप्तहून लंडनला आणण्याचा खर्च त्यांनीच उचलला होता. आणि त्या काळातला इंग्लंडमधला सर्वांत मोठा इजिप्तविद्यावंत? ब्रिटिश म्युझियमचे सॅम्युअल बर्च या उपक्रमापासून दूर राहिले. तज्ज्ञाने पाठ फिरवली आणि कादंबरीकार बाईने संस्था उभी केली, हा योगायोग मानायला मी तयार नाही. तज्ज्ञाला आपल्या विषयातले नेमके काय शक्य नाही ते आधी दिसते. बाहेरच्या माणसाला हानी दिसते, आणि ती थांबवायला हवी एवढेच त्याला कळते.

१८९२ साली एडवर्ड्स गेल्या. त्यानंतर १९१९पर्यंत, संस्थेचे नाव बदलून इजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटी झाले त्या वर्षापर्यंत, चिटणिशीचे काम एमिली पॅटर्सन यांनी सांभाळले. उत्खननकर्त्यांची पत्रे, वर्गणीच्या पावत्या, कोणत्या संग्रहालयाला कोणत्या वस्तू गेल्या याच्या याद्या, सगळे त्यांच्या टेबलावरून जात होते. त्या काळी इजिप्त सरकारच्या संमतीने सापडलेल्या वस्तूंचा एक वाटा उत्खनन करणाऱ्यांना मिळे आणि तो जगभरच्या संग्रहालयांत विखुरला जाई. आज एखादे भांडे कोणत्या थडग्यातून आले हे शोधणारा अभ्यासक त्या याद्यांकडेच येतो. थडगे खणणाऱ्याचे नाव ग्रंथात आहे, यादी ठेवणारीचे क्वचितच.

फ्लिंडर्स पेट्री हा प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट साक्षीदार. उत्खननाला शास्त्राची शिस्त लावणारा हा माणूस १८८६ साली फंडातून बाहेर पडला, कारण समितीचा कारभार त्याला गलथान वाटला. पूर्वपक्ष इथे थांबतो. पण पेट्री पुढे जगला कशावर? मँचेस्टरचे कापडव्यापारी जेसी हॉवर्थ आणि मार्टिन केनर्ड या दोघांनी त्याच्या उत्खननाचा खर्च उचलला. एडवर्ड्स यांच्या मृत्युपत्रातून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इजिप्तविद्येचे अध्यासन निर्माण झाले आणि त्यावर पहिला प्राध्यापक म्हणून पेट्रीच बसला. १८९६ साली तो पुन्हा फंडाच्या कामावर परत आला. कारभार वाईट होता म्हणून तो गेला. पण कारभाऱ्यांशिवाय संशोधन होते असे त्याच्या आयुष्यात कधीच दिसले नाही. त्याला हवे होते ते चांगले कारभारी.

याच संस्थेच्या संग्रहात ऑक्सिरिंकसचे पपायरस आहेत. बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट यांनी १८९६ ते १९०७ या काळात एका प्राचीन गावाच्या उकिरड्यातून लाखो तुकडे बाहेर काढले. पहिला खंड १८९८ साली निघाला आणि आजवर ऐंशीहून अधिक खंड निघाले, तरी बराच मोठा भाग अप्रकाशित आहे. हा संग्रह संस्थेच्या मालकीचा, ठेवलेला ऑक्सफर्डमध्ये, विद्वानांच्या देखरेखीत. २०१९ साली उघड झाले की त्यातले सुमारे १२० तुकडे जागेवर नाहीत. तेरा तुकडे वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलमध्ये निघाले. गहाळ तुकड्यांपैकी बहुतेकांची नोंदपत्रे आणि छायाचित्रेही गायब होती. आरोप एका नामवंत अभ्यासकावर झाला. त्याने तो नाकारला. दोष कोणाचा हा न्यायालयाचा प्रश्न. माझा मुद्दा वेगळा आहे. काय नाहीसे झाले हे संस्थेला ठरवता आले, कारण नोंदींच्या दुसऱ्या प्रती जपून ठेवलेल्या होत्या. ग्रीक वाचता येणारे लोक तिथे भरपूर होते. संग्रह वाचवण्यासाठी उपयोगी पडली ती दुबार नोंद, म्हणजे कोणत्याही सहकारी बँकेतला जुना रोखपाल मनापासून समजून घेईल अशी गोष्ट.

इथे मला जे म्हणायचे आहे ते स्पष्ट म्हणतो. संशोधक आणि त्याचे साधन यांचे हितसंबंध नेहमी एक नसतात. साधनावर पहिला हक्क आपला, छापण्याआधी ते दुसऱ्याने पाहू नये, निष्कर्ष पक्का होईपर्यंत अहवाल थांबावा, असे संशोधकाला वाटणे स्वाभाविक आहे. शिलालेखाचे, कागदाचे, खापराचे हित मात्र वेगळे: लवकर नोंद व्हावी, लवकर छापावे, सर्वांना पाहता यावे. उत्खनन ही एकदाच करता येणारी गोष्ट आहे. अहवाल आला नाही तर ती जागा नष्ट केली एवढेच उरते. भारतात खोदून वर्षानुवर्षे अहवाल न आलेल्या स्थळांची कमतरता नाही, आणि तिथे खोदणारे अडाणी नव्हते. साधनाची बाजू मांडायला मंडळावर असा माणूस हवा, ज्याला त्या साधनातून कीर्ती मिळवायची नाही. सगळेच मंडळ संशोधकांचे असेल तर आपापल्या मुदतवाढी एकमेकांना मंजूर करण्याचा मोह टाळणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

पुण्याकडे वळू. मराठी पुरातत्त्वाचा विषय निघाला की हसमुख सांकलियांचे नाव येते, आणि यायलाच हवे. पण सांकलिया १९३९ साली ज्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले, ते कॉलेज पाच वर्षे बंद होते. १९३४ साली सरकारने ते बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी सरकारला न्यायालयात खेचले. येरवड्याची इमारत जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने उभी राहिली होती, आणि ज्या उद्देशासाठी दान दिले तो उद्देश सरकारला मनास येईल तसा गुंडाळता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. ही लढाई ऋग्वेदाच्या किंवा अश्मयुगाच्या ज्ञानाने जिंकता येणारी नव्हती. विश्वस्त म्हणजे काय, दानपत्रातली अट कोणाला बांधते, हे जाणणाऱ्या वकिलांची ती लढाई होती. ऑगस्ट १९३९ मध्ये कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. नेवासे, इनामगाव ही सारी उत्खनने त्या दाव्याच्या पाठीवर उभी आहेत. हे आमच्या पुरातत्त्वाच्या इतिहासात पहिल्या पानावर यायला हवे असे मला मनापासून वाटते.

भांडारकर संस्थेच्या महाभारताचेही असेच. १९१९ साली काम सुरू झाले, १९६६ साली संपले. औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचे वचन दिले म्हणून ते सुरू होऊ शकले. उत्गीकर, सुकथनकर, बेलवलकर, वैद्य असे संपादक होत गेले; सुकथनकर १९४३ साली काम अर्धवट असताना गेले. संपादक बदलला तरी काम थांबले नाही, कारण वचन संस्थेचे होते, व्यक्तीचे नव्हते.

राजवाड्यांविषयी बोलताना हात जरा थरथरतो. बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसावर त्यांचे ऋण विशेष. १६३८च्या सुमारास हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले. इथल्या त्यांच्या दरबाराचे चित्र ज्यात आहे ते जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी १९२२ साली दीर्घ प्रस्तावनेसह छापले. त्यांच्याइतके साधन एकट्याने कोणी गोळा केले नाही. पण १९१० साली सरदार मेहेंदळ्यांसोबत त्यांनी स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातून ते मतभेदांमुळे दुरावले, आणि मंडळ टिकवले इतरांनी. दत्तो वामन पोतदारांनी किती कमी ग्रंथ लिहिले हा पुण्यात चेष्टेचा विषय होता. त्यांनी कितीजणांना लिहायला साधन आणि जागा मिळवून दिली, त्याची मोजणी कोणी केली नाही. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तिथल्या मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ काढून त्यांची दप्तरे एका छपराखाली आणली. ज्याने आयुष्यभर कागद वाचवले, त्याचे कागद वाचवायला कारभारी लागले.

एवढे मांडून झाल्यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. पैसे देणारा निष्कर्षही मागतो. इजिप्त फंडाच्या पहिल्या वर्षांत नेमके हेच झाले. इंग्रज वर्गणीदारांना बायबलमध्ये रस होता, म्हणून पहिले उत्खनन १८८३ साली तेल अल-मस्खुता इथे लागले. एदुआर नाव्हिल यांनी ते बायबलमधले पिथोम असल्याचे जाहीर केले आणि वर्गणीचा ओघ वाढला. पुढच्या उत्खननांनी ती ओळख वादात आणली. आपल्याकडे बायबलची जागा घराणी, जाती आणि प्रांत घेतात. आमच्या पूर्वजांचा शिलालेख जुना ठरवा, मग इमारतीला पत्रे देतो, असे सांगणारा देणगीदार काल्पनिक नाही.

पण या रोगावर संशोधकांचे मंडळ हे औषध कसे? नाव्हिल संशोधकच होते. दबावापुढे वाकणे हे अज्ञानाचे लक्षण नसून गरजेचे आहे, आणि गरज संशोधकाला अधिक असते, कारण पुढच्या वर्षीची मोहीम त्याची असते. यावर बांध घालायचा तर मंडळाच्या घटनेत घालावा. वाचन, काळ आणि अर्थ यांत कोणत्याही विश्वस्ताने हात घालू नये. मुदत, नोंदवही आणि पैसा यांवरचा हात कोणत्याही विश्वस्ताने काढू नये. देणगी कोणत्या कामासाठी हे देणगीदाराने सांगावे, काम काय सांगते हे सांगू नये. पदाची मुदत ठरलेली असावी आणि ती संपली की खुर्ची सोडावी. खुर्चीला चिकटलेल्या निवृत्त अधिकाऱ्याची तक्रार खरी आहे, पण तिचे उत्तर मुदतीत आहे, पदवीत नाही. पंचवीस वर्षे खुर्चीवर बसलेला विद्वान त्याच्याइतकाच अडथळा असतो, आणि त्याला जा म्हणणे अधिक कठीण.

कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त-बदलाचा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, वेळेवर गेला नाही की जुन्या-नव्या मंडळांचे वाद वर्षानुवर्षे चालतात. कर्नाटकात १९६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली कारभार विस्कटलेल्या संस्थेवर सरकार प्रशासक नेमू शकते. ताळेबंद, वार्षिक सभेचे इतिवृत्त, सभासदांची यादी ही कागदपत्रे कंटाळवाणी आहेत. पण त्यांच्यात खंड पडला की हस्तलिखितांचे कपाट कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न संशोधकांच्या हातात राहत नाही.

पुन्हा बंगळूर. मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळापाशी एकोजीराजांचा १६६९ सालचा दानलेख आहे. शहरभर असे शेकडो लेख आहेत. राईस यांनी ज्या जागी पाहिले तिथून कित्येक शिळा हलल्या, पुरल्या गेल्या किंवा फुटल्या. २०१८ साली हेब्बाळमध्ये गटार खणताना एक शिळा वर आली. गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातली, इसवी सनाच्या ७५०च्या सुमाराची, लढाईत पडलेल्या कित्तय्याची स्मृतिशिळा. बंगळुरात सापडलेल्या कन्नड लेखांत ती सर्वांत जुन्यांपैकी. तिची दखल घेणारे आणि तिच्यासाठी धावपळ करणारे लोक पुरातत्त्व खात्याचे नव्हते. पेशाने अभियंता असलेले पी. एल. उदय कुमार आणि त्यांच्यासारखे शिलालेखांच्या ओढीने एकत्र आलेले नागरिक होते. २०२१पासून मिथिक सोसायटीच्या छत्राखाली बंगळूर परिसरातल्या शिलालेखांच्या त्रिमितीय नोंदणीचे काम चालू आहे, आणि त्याची धुरा याच उदय कुमार यांच्याकडे आली. संस्थेला शंभर वर्षे झाल्यावरही तिचे सर्वांत निकडीचे काम एका बाहेरच्या माणसाने आत आणले.

म्हणून अशा संस्थेच्या मंडळावरची एखादी जागा भरायची वेळ आली आणि माझे मत विचारले, तर तिसऱ्या लिपितज्ज्ञाऐवजी मी महापालिकेच्या रस्ते किंवा जलनिःसारण विभागातून निवृत्त झालेल्या अभियंत्याचे नाव सुचवीन. पावसाळ्याआधी कोणत्या वॉर्डात खोदाई होणार, कंत्राटदार कोण, जेसीबी थांबवायला कोणाला फोन करायचा, हे त्याला ठाऊक असते. शिळा शाबूत वर आली तर दोन लिपितज्ज्ञ वाचायला पुरेसे आहेत. त्यांनी केव्हापर्यंत वाचून छापायला द्यायचे, ते त्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्यावे.